मिठाने भाताला काय शिकविले?

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



कार्यकारी मंडळाने मला आज बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी जुना मॅट्रिक. जिल्हा परिषदेच्या शाळांतून आयुष्यभर मुलांना शिकविले, एवढीच माझी पुंजी. विज्ञानाचा मी पंडित नव्हे. तथापि जीवसृष्टीची उत्क्रांती हा विषय मी मुद्दाम घेतला आहे, त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, हा विषय मी स्वतः वर्गात कित्येक वर्षे चुकीचा शिकविला, आणि त्याची कबुली देण्यास याहून योग्य सभा मला मिळणार नाही. कारण त्या वेळचे माझे पुष्कळ विद्यार्थी, आता केस पांढरे झालेले, समोरच बसलेले दिसत आहेत. दुसरे कारण शेवटी निवेदन करीन.

उत्क्रांती हा शब्द उच्चारला की सभेतील निम्मे लोक हसू लागतात आणि ‘माकडाचा माणूस झाला’ हे वाक्य कोणीतरी बोलतोच. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली जातींच्या उगमावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात माणसाविषयी जेमतेम एक वाक्य आहे. ग्रंथाचा आरंभ त्यांनी माकडापासून केला नाही. पाळीव कबुतरे, गुरेढोरे, बागेतली फळझाडे यांपासून केला. शेतकरी आणि पशू पाळणारे लोक आपल्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या काय करीत आले, ते त्यांनी आधी सांगितले, आणि मग निसर्ग तेच काम अधिक विस्ताराने कसे करतो तिकडे ते वळले. मीही तोच मार्ग धरतो. कबुतरांच्या जागी आपण आपला भात घेऊ.

आपल्या ज्ञातीला आगरी हे नाव मिळाले ते आगरावरून. अर्धे वर्ष मीठ पिकवायचे आणि उरलेले अर्धे वर्ष त्याच मिठाशी भांडून भात पिकवायचा, असा आपल्या वाडवडिलांचा संसार होता. नव्या पिढीने खारेपाट पाहिलेला नाही, म्हणून थोडे सांगणे भाग आहे. भरतीचे पाणी अडविण्यासाठी खाडीच्या काठाने मातीचा बांध घालीत; आत साचलेले पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडण्यासाठी त्या बांधात उघाडी ठेवीत. उन्हाळ्यात या जमिनीवर मिठाची पांढरी पापडी धरे. मृगाचा आणि आर्द्राचा पाऊस ती पापडी धुऊन काढी, आणि मग मोड आणलेले बियाणे चिखलात हाताने फेकीत. कित्येक खाचरांत नांगरही घालीत नसत. या जमिनीत गोड्या मुलुखातला कोणताही भात आणून टाकला तर तो पिवळा पडून जाई. पण आपला काळा राता आणि भुरा राता मात्र तगून राही. तांबड्या दाण्याचा, खायला जाडाभरडा, परंतु पेजेला आणि भाकरीला त्याच्यासारखा दुसरा भात नाही, असे माझी आई म्हणत असे.

आता प्रश्न असा की, हा राता मिठात तगावयास शिकला कसा? माझ्या वर्गात मी उत्तर देत असे ते असे : ‘मुलांनो, खाऱ्या जमिनीत राहून राहून भाताला मिठाची सवय झाली. प्रत्येक पिढी थोडी थोडी सोसत गेली आणि ती सवय पुढच्या पिढीत उतरली.’ ऐकावयास हे इतके गोड लागते की, मलाही त्यात काही खोट दिसली नाही. एके दिवशी मागच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, ‘गुरुजी, मग आमच्या म्हशीला रोज खाडीचे पाणी पाजले तर तिची रेडके खाडीचे पाणी पितील काय?’ सारा वर्ग हसला. मीही हसलो आणि त्याला खाली बसविले. उत्तर मात्र दिले नाही. कारण ते माझ्यापाशी नव्हते.

तो प्रश्न मला पुष्कळ दिवस सलत राहिला. माझे उत्तर माझे एकट्याचे नव्हते, हे पुढे वाचनात आले. फ्रान्समधील लामार्क या थोर शास्त्रज्ञाने १८०९ साली, म्हणजे नेमक्या डार्विनच्या जन्मवर्षी, जवळजवळ हेच प्रतिपादन आपल्या ग्रंथात केले होते. मोठ्या माणसाशी आपली चूक जुळावी यात थोडे समाधान असते, पण चूक ती चूकच. एका शेतकी अधिकाऱ्यापाशी मी हा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, ‘गुरुजी, वाद कशाला घालता? दाण्यालाच विचारा.’ आणि कसे विचारावयाचे तेही त्यांनी सांगितले.

त्याप्रमाणे मी वडिलांच्या कणगीतील बियाण्याचे पीक उभे असतानाच निरनिराळ्या रोपांच्या लोंब्या वेगळ्या काढल्या, आणि प्रत्येक लोंबीचे दाणे निम्मे निम्मे करून दोन डब्यांत पेरले. एका डब्याला विहिरीचे पाणी आणि दुसऱ्याला खाडीचे पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळून, असे मुलांनी पाळीपाळीने घातले. गोड्या पाण्यावर सगळेच उगवले. खाऱ्या पाण्यावर बहुतेक डबे करपले. मोजक्या लोंब्यांची रोपे हिरवी राहिली. येथवर काही विशेष नाही. खरी गंमत पुढे आहे. ज्या लोंब्यांची रोपे खाऱ्यात वाचली, त्यांची सख्खी भावंडे गोड्या पाण्याच्या डब्यांत वाढत होती. मिठाचा थेंबही त्यांच्या मुळाला लागला नव्हता. त्या भावंडांचे बी आम्ही राखून ठेविले आणि दुसऱ्या वर्षी ते खाऱ्या पाण्यावर पेरले. ती रोपेही वाचली! ज्यांच्या आईने मीठ कधी पाहिलेच नाही ती लेकरे मिठात तगली. उलट जी लोंबी पहिल्या वर्षी हरली होती, तिच्या गोड्या पाण्यातल्या भावंडांचे बी दुसऱ्या वर्षीही हरले.

म्हणजे मिठाने भाताला काहीही शिकविले नव्हते. ज्याला मीठ सोसत होते तो पेरणीच्या दिवशीच तसा होता. मिठाने केले ते एवढेच की, बाकीच्यांना बाजूला काढले. यालाच निसर्गनिवड म्हणतात. डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस या दोघांचे यासंबंधीचे लेख १ जुलै १८५८ रोजी लंडनमध्ये एकत्र वाचले गेले; आणि दीडशेहून अधिक वर्षांत झालेल्या असंख्य परीक्षांतून हा विचार अधिकच दृढ होऊन बाहेर पडला आहे.

मग कोणी विचारील, मुळात दाण्यादाण्यांत हा फरक आला कोठून? याचा उलगडा डार्विनला झाला नव्हता. तो विसाव्या शतकात झाला. आपण जुन्या पोथ्यांचे उदाहरण घेऊ. छापखाने नव्हते तेव्हा ज्ञानेश्वरीच्या प्रती हाताने उतरवून घेत. प्रत्येक लेखकाच्या हातून कोठे अक्षर गळे, कोठे बदले, आणि ती चूक पुढच्या प्रतीत जशीच्या तशी उतरे. म्हणूनच शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांना ती शुद्ध करावी लागली. प्रत्येक जिवाच्या पेशीत अशीच एक पोथी असते. भाताच्या पोथीत सुमारे चाळीस कोटी अक्षरे आहेत; ती २००५ साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून वाचून पूर्ण केली, आणि त्यांत भारतीय शास्त्रज्ञही होते. पिढीगणिक या पोथीची नक्कल होते आणि नकलेत थोड्या चुका राहतात. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काहींनी रोप मरते. आणि क्वचित एखादी चूक अशी असते की, अमुक एका जमिनीत तीच पाठभेद म्हणून चांगली ठरते. फरक इतकाच की, येथे शुद्ध करावयास एकनाथ महाराज नाहीत. जे तगते ते पुढे उतरते.

मिठाच्या बाबतीत असला एक पाठभेद शास्त्रज्ञांनी २००५ सालीच बंगालकडील नोना बोकरा या खाऱ्या जमिनीतल्या भातात शोधून काढला. मुळातून वर चढणाऱ्या रसातले सोडियम वाटेतच काढून घेणारे एक प्रथिन त्याच्यात अधिक चांगले काम करते, त्यामुळे पानापर्यंत मीठ कमी पोहोचते. केरळात पोक्कळी म्हणून असाच भात आहे. आपल्या खाडीवरच्या तिवराने आणखी निराळी युक्ती साधली आहे. ते मीठ आत घेते आणि पानांतून बाहेर टाकते. पान जिभेला लावून पाहा, खारट लागेल. एकाच अडचणीवर निरनिराळ्या वनस्पतींना निरनिराळे उपाय सापडले. आणि उपाय ‘सापडले’ हा शब्दही खरा नव्हे, कारण शोधणारा कोणी नव्हता.

शिक्षकाला परीक्षेची भाषा सुचते, म्हणून सांगतो. मीठ हा परीक्षक भाताची परीक्षा दोनदा घेतो : एकदा रोप कोवळे असताना आणि एकदा फुलोऱ्यावर आले असताना. मधल्या काळात रोप बरेच सोसते. पावसाने आषाढात ओढ दिली तर पहिली परीक्षा कठीण जाते. तो लवकर परतला तर दुसरी. पिढ्यान्‌पिढ्या या दोन्ही परीक्षा उतरून जे बी कणगीत पडले तेच पुढच्या मृगाला बाहेर निघाले. आपल्या आज्यांनी त्यावर आणखी एक निवड केली : चांगली भरलेली लोंबी हाताने वेगळी काढून बियाण्यासाठी ठेवणे. निसर्गाची निवड आणि माणसाची निवड एकाच कणगीत एकत्र नांदत होत्या.

या माणसाच्या निवडीचा याहून जुना दाखला पाहावयाचा असेल तर देवभात पाहा. ऋषिपंचमीला आपल्या घरातील बायका तो आणवितात. तळ्याकाठी न पेरता उगवणारा हा रानटी भात म्हणजे आपल्या भाताचा जुना भाऊबंद. त्याला लांब कुसळे असतात, आणि दाणा पिकला न पिकला तोच गळून चिखलात पडतो. रानात हे शहाणपणाचेच आहे. जो दाणा झाडाला चिकटून राहील तो पाखरांच्या पोटात जाईल. पण माणूस विळा घेऊन आला तेव्हा हिशेब उलटा झाला. गळलेले दाणे शेतातच राहिले आणि न गळणारे घरी आले. घरी आलेले तेच पुढच्या वर्षी पेरले गेले. असे करून आपण भात बदलीत आहोत, हे त्या पहिल्या कापणाऱ्यांना स्वप्नातही ठाऊक नसेल. हे न गळणे बहुतांशी ज्या बदलामुळे घडले तो बदल एका जनुकातील एका अक्षराचा आहे, असे २००६ साली दिसून आले. आणि रानभाताचा तांबडा दाणा पांढरा झाला तो दुसऱ्या एका जनुकातील चौदा अक्षरे गळाल्यामुळे. ज्या पांढऱ्या भाताचे आपण एवढे कौतुक करतो तो चौदा अक्षरे गाळलेली पोथी आहे. आपल्या रात्याने ती गाळली नाहीत.

येथे मला एका गोष्टीचा समाचार घ्यावयाचा आहे. ‘निसर्गात बळी तो कान पिळी, जो मागे राहिला तो दुबळाच,’ असे बोलणारे लोक आपल्या समाजाच्या मागासलेपणालाही हाच नियम लावतात. जणू डार्विनने सावकाराला आणि खोताला दाखला लिहून दिला होता! ‘योग्यतम तो टिकतो’ हे शब्द मूळचे डार्विनचे नव्हेतच. हर्बर्ट स्पेन्सरने ते १८६४ साली वापरले आणि डार्विनने १८६९ च्या आवृत्तीत ते उचलले. आणि योग्य म्हणजे बलवान नव्हे. योग्य म्हणजे त्या ठिकाणी, त्या वेळी लागू पडणारा. गोड्या जमिनीत नव्या सुधारलेल्या भाताशेजारी राता लावा, तो उत्पन्नात सपशेल हरेल. तेच दोन्ही खारेपाटात लावा आणि पाहा. यात श्रेष्ठ कोण आणि कनिष्ठ कोण? प्राणिशास्त्रात ‘जात’ हा शब्द आपण वापरतो त्याहून निराळ्या अर्थाने येतो, आणि त्या अर्थाने या पनवेलीतील आणि पृथ्वीवरील झाडून सगळ्या माणसांची जात एकच आहे. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोललो म्हणून अध्यक्षमहाराजांनी रागावू नये.

माकडाचेही आटोपून घेतो. आजच्या कोणत्याही माकडाचा माणूस झालेला नाही. चिंपांझी आणि आपण यांचे पूर्वज सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एक होते, मग घराणी वेगळी झाली, इतकेच. आपल्या खाडीतली निवटी चिखलावर परांच्या बळावर चालते, ओल्या कातडीतून श्वास घेते. मासा जमिनीवर कसा आला असेल याची कल्पना तिच्यावरून करता येते; परंतु निवटीचा उद्या बेडूक होणार आहे असे मात्र नव्हे. ती निवटी म्हणून उत्तम चालली आहे, आणि कालवणातही. २०२३ साली केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी सही करून त्यास विरोध केला. चुकीचे शिकविणारा मास्तर काय करतो हे मी माझ्यावरून सांगितलेच. मुळीच न शिकविल्याने मागच्या रांगेतल्या मुलाचा प्रश्नसुद्धा निघणार नाही.

निसर्गनिवड आपल्या हिताचीच असते असेही समजू नये. १९५३ साली देशात हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि घरोघरच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारले जाऊ लागले. १९६५ पर्यंत देशातील रुग्ण सुमारे एक लाखावर आले. पण डासांतही असे थोडे होते की ज्यांना ते औषध बाधत नव्हते. बाकीचे मेले, यांची वंशवेल वाढली. १९५९ च्या सुमारासच पंचमहाल जिल्ह्यात, जो तेव्हा आपल्याच मुंबई राज्यात होता, असे डास आढळले. पुढे इतर कारणेही मिळाली आणि १९७६ मध्ये रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली. भिंत तीच, औषध तेच. निवड मात्र आपल्याविरुद्ध झाली.

आता दुसऱ्या कारणाकडे येतो, आणि ते सांगताना मला संकोच वाटतो.

निवड करावयास आधी विविधता लागते. कणगीत एकच प्रकारचा दाणा असेल तर मीठ काय निवडणार? सगळे जगतील किंवा सगळे मरतील. माझ्या वडिलांच्या कणगीत नावाला एक राता होता, पण आत अनेक ओळी मिसळलेल्या होत्या. ती भेसळ नव्हती. ती ठेव होती. वडील गेल्यावर दोन वर्षांनी मी गोड्या जमिनीचे एक नामांकित वाण आणले. उत्पन्न वाढले, दाणा पांढरा, बाजारात भाव चांगला. जुने बियाणे आईने एक-दोन वर्षे सांभाळले. मग मीच म्हणालो, ‘आता हे कशाला?’ आणि ते दळून त्याच्या भाकऱ्या झाल्या. पुढे एका वर्षी भाद्रपदाच्या उधाणाला बांधाला खांड पडली. खाचरात खाडी शिरली आणि ते नामांकित वाण आठ दिवसांत काळे पडले. दुसऱ्या वर्षी मी रात्याचे बी मागत दारोदार फिरलो. ज्या घरात जावे त्या घरी उत्तर एकच : ‘मास्तर, तुम्हीच तर नवे आणा म्हणून सांगत होता.’ डब्यांतून मुलांना निसर्गनिवड दाखविणारा हा शिक्षक स्वतःच्या घरची विविधता खाऊन बसला होता.

नवे वाण वाईट असे मी म्हणत नाही. आपल्या पनवेलच्याच खारभूमी संशोधन केंद्राने भुऱ्या रात्याच्या ४-१० या निवडलेल्या ओळीचा आय. आर. ८ या, १९६६ साली फिलिपाइन्समधून आलेल्या बुटक्या भाताशी संकर करून ‘पनवेल-१’ हे खाऱ्या जमिनीसाठीचे वाण काढले. ते चांगले आहे. पण त्याचे एक आईबाप आपल्या आज्यांच्या कणगीतले होते, हे विसरून चालणार नाही. कणगी नसती तर संशोधकाने संकर कशाशी केला असता?

१९७० साली नव्या मुंबईची आखणी झाली आणि आपली खाचरे गेली. भाव आणि लढा यांविषयी या व्यासपीठावर पुष्कळ बोलले गेले आहे. मी त्यात भर घालीत नाही. जेथे खारेपाटाची शेते आणि दलदल होती तेथे विमानतळ झाला, २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचे उद्‌घाटनही झाले. ज्या जमिनी उरल्या त्यांतल्या कित्येकांचे बांध कोणी राखीत नाही. उधाण आत येते आणि मागोमाग तिवर. जगातील समुद्राची सरासरी पातळी १९०१ पासून २०१८ पर्यंत सुमारे वीस सेंटिमीटरने वर आली आहे आणि ती अजून चढत आहे. म्हणजे मीठ वाढणार आहे, आणि मिठात तगणारे बियाणे आपल्या घराघरांतून कमी होत आहे. परीक्षक येत आहे आणि वर्ग रिकामा.

म्हणून माझी एक विनंती आहे. पेण, उरण, अलिबागकडे आपले सोयरे आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी अजून राता पेरला जात असेल, किंवा मोरचुक्यासारखे दुसरे जुने बियाणे असेल, तर ओंजळभर मागून आणा. एकाच घरचे नको. चार घरचे आणा, आणि एकमेकांत न मिसळता वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधून वर गावाचे आणि शेताचे नाव लिहा. २००१ च्या कायद्याप्रमाणे शेतकऱ्यांना आपले जुने वाण स्वतःच्या नावे नोंदविता येते. ते अर्ज लिहून देण्याचे काम मी करीन, अक्षर अजून बरे आहे. पण कागदावर आणि शीतपेटीत ठेवलेले बी मिठाची परीक्षा देत नाही. ते दरवर्षी खाऱ्या मातीत पडले पाहिजे. माझ्या मावसभावाची वीस गुंठे जमीन खाडीकाठी शिल्लक आहे आणि तिचा बांध गेल्या वैशाखात आम्ही दुरुस्त केला. तेथे या मृगाला पहिली पेर करावयाची आहे. रात्याच्या दोन पुरचुंड्या मला मिळाल्या आहेत. त्या बाहेर मेजावर ठेविल्या आहेत. विद्यार्थ्यांनी जाताना दाणा सोलून आतला रंग अवश्य पाहावा, मात्र खिशात घालू नये. मोजून ठेविले आहेत.